खणखणीत नाणे, निवांत झोप

पैशात सुख नसते, हे वाक्य जगातल्या बहुतेक थोर पुरुषांनी एकदा तरी उच्चारलेले आहे. ते त्यांनी महिन्याच्या कोणत्या तारखेला उच्चारले, याची नोंद मात्र इतिहासाने ठेवलेली नाही. माझा अंदाज असा, की एक ते सात तारखेच्या दरम्यान केव्हा तरी ते सुचले असावे. वीस तारखेनंतर हे वाक्य माणसाच्या तोंडून निघणे कठीण. निदान वाशिममध्ये बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे बसून माझ्या कानांवर तरी ते वीस तारखेनंतर आलेले नाही.

थोर पुरुषांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. मी साधा बी. कॉम. झालेला कारकून. पण आमच्याकडे पुष्कळदा असे होते, की माणूस पासबुक भरायला म्हणून येतो आणि कर्जाच्या खिडकीपुढे तासभर उभा राहतो. सुखाच्या या प्रश्नाचेही तसेच झाले आहे. पैशात सुख आहे की नाही, हा प्रश्न चुकीच्या खिडकीवर विचारला जातो. खरा प्रश्न, कसल्या पैशात? आज पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला रुपया वीस वर्षांनी रुपयाच राहणार असेल, तर माणूस कसा जगतो? आणि तोच रुपया पोराच्या हातातल्या बर्फाच्या गोळ्यासारखा घरी पोचेपर्यंत नुसती काडी उरणार असेल, तर कसा जगतो?

कॉलेजात आम्हांला पैशाची चार कार्ये शिकवली होती. विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन, लांबणीवर टाकलेली देणी फेडण्याचे साधन आणि मूल्यसंचयाचे साधन. पहिल्या तिन्हींवर आमचे प्राध्यापक भरभरून बोलत. चौथे कार्य आले, की घड्याळाकडे बघत. तेव्हा आम्हांला वाटे, तास संपत आला असेल. आता वाटते, त्यांना आपला पगार आठवत असेल.

आपल्या भाषेने मात्र या चौथ्या कार्यावर फार पूर्वीच निकाल देऊन ठेवलेला आहे. भरवशाच्या माणसाला आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो. ‘बंदा रुपया’ म्हणतो. कुणाला ‘खणखणीत नोट’ म्हटल्याचे अजून माझ्या ऐकिवात नाही. आमच्या आजोबांच्या काळी दुकानदार रुपया हाती घेतला की आधी दगडावर आपटून बघत असे. आवाज खणकन् आला तर गल्ल्यात, बद्द आला तर परत. पुढेपुढे माणसांनाही असेच वाजवून घेण्याची पद्धत पडली, पण ती लग्नाच्या बोलणीपुरतीच उरली.

तो रुपया होताही वाजवण्याजोगा. १८३५ सालापासून कंपनी सरकारने जो रुपया पाडला, त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. रुपया हे नाणेही होते आणि वजनही. तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकून दुसऱ्यात सोने तोलता येत असे. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला. इंग्रज १५ ऑगस्टला गेले. रुपयातली चांदी त्यांच्याही थोडी आधी निघून गेली होती.

आता समजा, १९२० साली दोन सख्ख्या भावांनी एकेक रुपया म्हातारपणासाठी बाजूला टाकला. थोरल्याने चांदीचा रुपया मडक्यात पुरला. धाकटा सुधारक, त्याने १९१७ साली नव्याने निघालेली एक रुपयाची नोट पोथीत जपून ठेवली. दोघांची भूक सारखी, दोघांचा संयम सारखा, दोघांच्या बायकांचे टोमणेही सारखेच. चांदी किलोला एक लाख रुपये धरा (हा भाव तिने २०२४ साली पाहिला), तर थोरल्याच्या रुपयात हजारावर रुपयांची चांदी आहे. धाकट्याच्या नोटेचे, एखादा जुन्या नोटांचा छांदिष्ट भेटला नाही तर, टपरीवर चहाच्या कपातला एक घोटही यायचा नाही.

गंमत इथपर्यंत. पुढे प्रश्न नीतीचा आहे. संयम हा सद्गुण आहे, असे आपण मुलांना शिकवतो. पण दोन भावांनी सारखाच संयम पाळून एकाला सोबत आणि दुसऱ्याला बुकमार्क मिळत असेल, तर मुलांना नक्की काय शिकवायचे? सद्गुण अंगी बाणवावा, पण तो कोणत्या भांड्यात ठेवायचा तेही आधी बघावे, असे काहीतरी सुभाषित नव्याने रचावे लागेल.

वाशिमकरांना पैशाचा हा धडा भूगोलानेच शिकवला आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि शेजारचे हिंगोली मात्र निजामाकडे राहिले. इकडे इंग्रजी रुपया, त्याला म्हणत कलदार. तिकडे निजामाचा हाली सिक्का. सहा कलदार द्यावेत तेव्हा सात हाली यावेत, असा साधारण हिशेब. वाशिमची मुलगी हिंगोलीकडे द्यायची झाली, की पत्रिका जुळण्याआधी देणेघेणे हालीत की कलदारात, हे जुळवावे लागत असणार. आता विचार करा, खिशात एक हाली आणि एक कलदार असला, तर माणूस बाजारात आधी कोणता काढील? अर्थात हाली. कलदार जातो चुलीमागच्या मडक्यात. हलका पैसा भारी पैशाला बाजारातून हुसकून लावतो, हा नियम आम्ही सर थॉमस ग्रेशॅम यांच्या नावाने पाठ केला. हिंगोलीच्या बाजाराला जाणाऱ्या कुणाही बाईने तो ग्रेशॅमसाहेबांना बसल्या जागी सांगितला असता.

बाईवरून आठवले. दोन वर्षांपूर्वी पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरची बंजारा म्हातारी आमच्या बँकेत आली. तांड्यात आईला ‘याडी’ म्हणतात, म्हणून मीही तिला याडीच म्हणतो. अंगावर केसांतली घुगरी-टोपली, गळ्यात जुन्या चांदीच्या रुपयांची माळ. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधल्या गोदरेजच्या कपाटापेक्षा तिच्या गळ्यातली तिजोरी जास्त विश्वासाची वाटत होती, आणि उघडायला दोन चाव्याही लागत नव्हत्या. तिच्या मुलाने बैलजोडी विकली होती. त्यातले चाळीस हजार तिने लुगड्याच्या ओच्यातून काढून काउंटरवर ठेवले.

“बाबू, हे इथं ठेवलं तं किती होते?”

मी म्हटले, “याडी, किसान विकास पत्र घे. एकशे पंधरा महिन्यांत दुप्पट.”

“म्हंजे किती सालं?”

“साडेनऊ वर्षं धर.”

तिने मनाशी काही हिशेब केला आणि विचारले, “अन् तवा त्याची ज्वारी किती येईन?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्या कोणत्याही परिपत्रकात नाही. मी व्याजाचा तक्ता तिच्यापुढे सरकवला. तो तिने परत माझ्याकडे सरकवला. “व्याज नोको सांगू. ज्वारी सांग.”

सुज्ञ वाचकहो, अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांतून दर्शनी व्याज आणि वास्तव व्याज यांवर जी पानेच्या पाने खर्ची पडली आहेत, ती सारी या पाच शब्दांत मावतात. १९८८ साली किसान विकास पत्र निघाले तेव्हा ते साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. लोक खूश होते. पण रक्कम दुप्पट होणे आणि ज्वारी दुप्पट होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ साली सरकारने रिझर्व्ह बँकेला महागाईचे उद्दिष्ट ठरवून दिले, दरसाल ४ टक्के, दोन इकडे दोन तिकडे. २०२१ साली तेच पुढे पाच वर्षे चालू ठेवले. आता बहात्तरला चाराने भागा. अठरा. म्हणजे सगळे अगदी ठरल्याप्रमाणे, कुणाच्याही चुकीविना पार पडले, तरी बारशाला पाळण्यात ठेवलेली पाचशेची नोट मुलगा मतदानाला उभा राहीतो अडीचशेची झालेली असते. नोटेवर पाचशे रुपये देण्याचे वचन असते आणि ते शब्दशः पाळले जाते. पाचशे रुपयांत काय येईल, याचे वचन गव्हर्नरसाहेबांनी कधीच दिलेले नाही. (एक रुपयाच्या नोटेवर तर तेवढेही वचन नसते. तिच्यावर अर्थसचिव नुसती सही करतात. जास्त प्रामाणिक नोट तीच.)

याचा परिणाम माणसावर काय होतो, ते मी रोज बघतो. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. माणूस जिवंत आहे, याचा पुरावा आम्ही दरवर्षी मागतो. रुपया जिवंत आहे, याचा पुरावा कुणी मागत नाही.

आमच्या गल्लीत एक दिवाणजी काका आहेत. हयात कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. पेन्शन नाही. १९९६ साली निवृत्त झाले तेव्हा हाती आलेले दोन लाख त्यांनी मुदत ठेवीत टाकले. त्या वेळी व्याज बारा टक्के. महिना दोन हजार. काका रोज सकाळी पद्मतीर्थाकडे फिरायला जात, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी बालाजीचे दर्शन. इतका सुखी माणूस मी पाहिला नव्हता. २०२१ साली तेच व्याज साडेपाच-सहा टक्क्यांवर आले. त्याच दोन लाखांचे महिना हजार. आणि त्या हजारात १९९६ चे किती हजार, ते विचारू नका.

आता काकांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. या वयात माणसाने नामस्मरण करावे, तर काका एसआयपी म्हणजे काय ते विचारतात. काकू सांगतात, “रात्री दोन वाजता उठून मोबाइलवर भाव पाहत बसतात हे. मी म्हटलं, काही दुखतं का, तर म्हणे निफ्टी.” मध्यंतरी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन लांबले, कारण त्यासाठी एफडी मोडावी लागली असती. मोतीबिंदू पिकला होता, एफडी पिकली नव्हती. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या खात्यातली पैही इकडची तिकडे न करणाऱ्या माणसाला म्हातारपणी सट्टेबाजाची झोप लागावी, यात त्यांचा काय दोष? ते उधळे नव्हते. लोभीही नव्हते. त्यांनी फक्त ठेवले होते.

इथे मला या सगळ्याचे मर्म सापडल्यासारखे वाटते. चांगला पैसा म्हणजे जास्त पैसा नव्हे, वाढणारा पैसाही नव्हे. चांगला पैसा म्हणजे जो ठेवून विसरता येतो तो. बचत म्हणजे आपण आपल्याच म्हाताऱ्या रूपाला दिलेला शब्द. पैसा टिकाऊ असला, तर तो शब्द साध्या माणसालाही पाळता येतो. त्यासाठी हुशार असावे लागत नाही. पैसा पाघळू लागला, की प्रत्येकाला हुशार व्हावे लागते. शिक्षकाला, शिंप्याला, कीर्तनकारालाही. आणि वाचकहो, सगळा गाव एकाच वेळी हुशार झाला, की त्या गावात झोप येत नाही.

हे टोकाला गेले की काय होते, ते १९२३ साली जर्मनीने पाहिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले. पगार हाती पडताच लोक दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत त्याची पाव घेण्याचीही ऐपत उरत नसे. काटकसरी माणूस त्या देशात मूर्ख ठरला आणि कर्जबाजारी शहाणा.

इतके लांब जायलाही नको. आमच्या जिल्ह्यात २०२१ साली सोयाबीनने काही काळ क्विंटलला दहा हजारांच्या आसपासचा भाव दाखवला. तेव्हापासून पुष्कळ शेतकऱ्यांनी बँकेऐवजी सोयाबीनवरच विश्वास टाकला. घरात पोत्यांची थप्पी, थप्पीवर गादी, गादीवर मालक. मी एकाला म्हटले, “भाऊ, विकून टाक ना.” तो म्हणाला, “विकून काय करू? तुह्या बँकेत ठेवू? पोतं तरी डोयासमोर दिसते.” २०२४ च्या हंगामात सरकारी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली. पोती वाळून हलकी झाली, घुशी जाड झाल्या. ज्याला पैशावर भरवसा नाही, तो पिकाचा पैसा करत नाही, पैशाचे पीक करायला बघतो, आणि मग ना धड शेतकरी राहतो ना धड सावकार.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, सगळ्यांनी सोनेचांदी घ्यावी आणि बँकेला कुलूप लावावे? तसे झाले तर माझी नोकरी जाईल, म्हणून नव्हे, पण खरोखरच मी तसे म्हणणार नाही. सोनेही काही सोवळ्यातले नाही. १९८० च्या जानेवारीत ते औंसाला ८५० डॉलरवर चढले आणि १९९९ साली अडीचशेच्या आसपास आले. आपल्याकडे ती पडझड फारशी जाणवली नाही, कारण डॉलरपुढे रुपयाच त्याच्या आधी पायऱ्या उतरत होता. शिवाय घरात सोने असले की कुत्रे भुंकले तरी माणूस उठून बसतो. झोपेसाठी घेतलेल्या वस्तूने झोप उडवावी, याला काय म्हणावे? (म्हणून माणूस ते आमच्या लॉकरमध्ये ठेवतो आणि मग किल्ली कुठे ठेवली ते आठवत जागा राहतो.)

आणि दुसरी गोष्ट. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, तेव्हा रुपया अस्सल चांदीचा होता. दगडावर आपटला तर खणकन् वाजणारा. पण तो वाजत होता सावकाराच्या ओट्यावर. ज्याच्याजवळ ठेवायलाच काही नाही, त्याला नाणे खणखणीत असून काय उपयोग? उलट कर्ज डोक्यावर असलेल्याला तेच नाणे जास्त जोरात लागते. शिवाय मडक्यातला रुपया कुणाची विहीर खोदत नाही. काकांच्या दोन लाखांतून कुणाच्या तरी शेतात पाइपलाइन गेली असेल. थोरल्या भावाच्या पुरलेल्या रुपयाने शंभर वर्षांत कुणाच्या तुरीला पाणी दिले? तेव्हा पैसा टिकावा हे खरे, पण तो फिरावाही, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांचे लग्न लावणे हे काम बँकांचे आणि सरकारांचे. पत्रिका अद्याप पुरती जुळलेली नाही.

आमच्या घरी हा प्रश्न सौ.ने परस्पर सोडवला आहे. माझ्या पगारातून दरमहा आवर्ती ठेव जाते, दसऱ्याला एक ग्रॅम सोने येते आणि कोणत्याही एका बँकेत पाच लाखांच्या वर रक्कम ठेवायची नाही, असा तिचा दंडक आहे, कारण २०२० पासून ठेवीच्या विम्याची मर्यादा तेवढी झाली. आमच्या सगळ्या ठेवी मिळूनही या मर्यादेला अजून धोका पोचलेला नाही, पण नियम तो नियम. पतसंस्थेच्या जास्त व्याजाच्या जाहिराती ती वाचून दाखवते आणि म्हणते, “यांना विमा नाही, म्हणून व्याज जास्त.” मी बी. कॉम., ती बी. ए. मराठी.

याडीचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. ज्वारीचा प्रश्न मी टाळला नाही. खरे ते सांगितले. म्हटले, “याडी, भाव बरे राहिले तर ज्वारी आज आहे त्याहून थोडी जास्त येईल. वाईट राहिले तर तेवढीच, नाहीतर कमी. पण चोरी होणार नाही, आणि सरकार मुद्दल बुडवणार नाही.” ती बराच वेळ गळ्यातल्या माळेशी चाळा करत राहिली. मग तिने नोटा मोजून दोन ढीग केले. वीस हजार माझ्याकडे सरकवले आणि वीस हजार पुन्हा ओच्यात बांधले, सराफ्यात जायचे म्हणून.

“अर्धं तुह्या भरोशावर,” ती म्हणाली, “अर्धं माह्या.”

अर्थमंत्र्यांपासून दिवाणजी काकांपर्यंत कुणाच्याही तोंडून इतके समतोल अंदाजपत्रक मी ऐकलेले नाही. मी कागद तयार करू लागलो. तेवढ्यात नेहमीप्रमाणे लिंक गेली. रांगेतली माणसे चुळबुळू लागली. कुणी घड्याळ पाहू लागले, कुणी मोबाइलवर भाव. याडी मात्र भिंतीजवळच्या बाकावर पाय वर घेऊन बसली, एक हात ओच्यावर, एक माळेवर, आणि टोकनचा नंबर पुकारला जाईपर्यंत गाढ झोपी गेली.